लिंबाचा बर्फ

नोएडातल्या घराला बाबा बरेच दिवस घर म्हणत नसत. ‘फ्लॅटवर जातो’, ‘फ्लॅटवर पाणी आलं का’ असं म्हणत. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी दिल्लीच्या सरोजिनीनगरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये काढली होती. तिथं दारात कडुलिंब होता, भिंतीपलीकडून शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या आणि संध्याकाळी उभ्या उभ्या बोलायला आईला चार मराठी बायका मिळत. निवृत्तीनंतर त्या क्वार्टरची किल्ली परत करायची होती, म्हणून यमुनेपलीकडच्या एका सोसायटीत नंबर लावून ठेवलेला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आम्ही ताब्यात घेतला. लिफ्टच्या जागी नुसती पोकळी होती, तिला फळ्या ठोकलेल्या. बाल्कनीत उभं राहिलं की एका बाजूला अर्धवट इमारतींच्या सळया दिसत आणि दुसऱ्या बाजूला मोहरीची शेतं. थंडीतल्या सकाळी त्या शेतात नीलगाय येऊन उभी राहायची. दिवसभर कुठल्या ना कुठल्या मजल्यावर मार्बल कापायचं मशीन चालू असे. तो आवाज एकदम थांबला की वीज गेली असं समजायचं आणि आई पंख्याकडे न बघताच हातात पुठ्ठा घ्यायची.

दादाला मात्र नोएडा पहिल्या दिवसापासून आवडलं. माझा भाऊ विनय माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. परदेशी कंपन्या तेव्हा नुकत्याच येऊ लागल्या होत्या. एअरकंडिशनर विकणाऱ्या अशाच एका कंपनीत तो इंजिनिअर म्हणून लागला होता. आमच्या घरात तोवर कुणी टाय बांधला नव्हता. दादाचा टाय बाबा रोज सकाळी दारात उभं राहून सरळ करत, खरं तर तो सरळच असायचा. कमरेला पेजर असायचा. तो वाजला की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, “विनू, तुझं झुरळ किरकिरतंय बघ!” ऐन उन्हाळ्यात स्कूटरवरून लोकांच्या कोठ्या-बंगल्यांमध्ये जायचं, खोल्या मोजायच्या, खिडक्या पश्चिमेला आहेत का ते बघायचं आणि मशीन केवढं लागेल ते सांगायचं, हे त्याचं काम. आमच्या घरी तेव्हा वाळ्याच्या ताट्या लावलेला खडखडणारा कूलर होता. “सगळ्या दिल्लीला गारवा विकतो आणि घरी भट्टी,” असं म्हणत तो दारातच बूट काढायचा आणि माठाशी जाऊन दोन पेले पाणी उभ्यानंच प्यायचा.

लिंबाचा बर्फ आमच्या घरात त्यानंच आणला. कंपनीनं डीलर लोकांना एका मोठ्या हॉटेलात जेवण दिलं होतं. दुसऱ्या दिवशी पोहे खाता खाता तो सांगत होता, “सूप झालं, मासे झाले, आणि मग एवढुशा काचेच्या पेल्यात लिंबाचा बर्फ आणून ठेवला. मला वाटलं झालं जेवण. मी बडीशेप कुठे दिसते का बघत उठायलाच लागलो, तर साहेबानं हात धरून खाली बसवलं. म्हणे हे सॉर्बे. मध्येच देतात, तोंड साफ व्हायला.”

“मग चूळ भरायची ना,” आई म्हणाली.

“अगं यार आई, काय सांगू तुला! जिभेवर ठेवलं की गायब. बर्फ आहे, पण दाताला लागत नाही.”

“सरबतच ते. थंडीनं काकडलेलं.” आईनं विषय संपवला.

दादानं संपवला नाही. त्या रविवारी त्यानं सरबत करून ताटलीत ओतलं आणि फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून दिलं. संध्याकाळी तो दगड निघाला. बत्त्यानं फोडावा लागला आणि एक तुकडा उडून बाबांच्या वर्तमानपत्रावर पडला. पुढच्या रविवारी त्यानं साखर दुप्पट केली, तर ते गोठेचना. मग इंजिनिअर पेटला. साखर पाण्यात नुसती विरघळेपर्यंत उकळायची, तार येऊ द्यायची नाही. लिंबाची साल किसणीवर फक्त पिवळी पिवळी काढायची, पांढऱ्याला हात लावला की कडू. पाणी पूर्ण निवल्यावर रस आणि साल घालायची, चिमूटभर मीठ, आणि उथळ स्टीलच्या ताटलीत ओतून ठेवायचं. कडा गोठायला लागल्या की काट्यानं खरवडून मध्ये आणायच्या आणि परत ठेवायचं. सगळं पाणी गोठेपर्यंत हे करत राहायचं. खरवडायचा कंटाळा केला की दगड. बाकी कोणाचाच पेशन्स टिकायचा नाही, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी कॉलेजात होते, दुपारची घरी असायचे, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. काट्याखाली बर्फ आधी कुरकुरतो, मग भुसभुशीत होतो, आणि शेवटी त्याचा आवाजच येईनासा होतो. आवाज बंद झाला की झालं.

समोरच्या फ्लॅटमधल्या सेठी आंटींनी एका हिवाळ्यात पहाडातून आलेली मोठी मोठी गलगल लिंबं दिली. आई ती हातात घेऊन म्हणाली, “ईडलिंबं! किती वर्षांनी बघते आहे.” आम्ही दोघं हसत सुटलो. दिल्लीत वाढलेल्या आम्हाला तो शब्दच ठाऊक नव्हता. “इडलीचं लिंबू?” दादानं विचारलं. आई रागावून म्हणाली, “हसा. तुमच्या मुलांना लिंबू तरी कळतंय का बघू.” आज माझ्या मुलीला लिंबू कळतं. ईडलिंबू मी तिला दोनदा सांगितलं आहे, ती दोन्ही वेळा विसरली.

त्याच हिवाळ्याच्या शेवटी दादाचे बूट त्याला होईनासे झाले. पाय सुजायला लागले होते. आधी खापर उभं राहून काम करण्यावर फुटलं, मग बाहेरच्या खाण्यावर. मग एका सकाळी आरशासमोर टाय बांधताना त्याला दम लागला आणि बाबा त्याला घेऊन डॉक्टरकडे गेले. दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ निकामी झालेली होती. त्याला वर्षानुवर्षं ब्लडप्रेशर होतं आणि ते कधी कुणी मोजलंच नव्हतं. पंचविशीतल्या मुलाचं कोण मोजतं? बाबा ते कागद घेऊन घरी आले तेव्हा आई वरणाला फोडणी देत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, फोडणी वरणात ओतली, झाकण ठेवलं आणि मग खाली बसली.

आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. डाव्या हाताच्या मनगटाजवळ छोटं ऑपरेशन करून शीर मोठी केली होती. तिच्यावर बोट ठेवलं की आत सतत थरथर जाणवायची. “हात लाव, कॉम्प्रेसर चालू आहे,” तो आल्यागेल्याला सांगायचा. सेठी आंटी आपल्या मारुतीतून त्याला हॉस्पिटलात सोडायच्या. “चल पुत्तर, बैठ,” म्हणून खालून हॉर्न द्यायच्या, आणि पुलावर ट्रॅफिक लागला की सगळ्या दिल्लीला शिव्या घालायच्या. त्या शिव्या तो घरी येऊन आम्हाला हुबेहूब करून दाखवायचा.

सुया, मशीन, अळणी जेवण, हे सगळं त्यानं सोसलं. सोसवेना ती तहान. लघवी होत नसल्यामुळे पोटात गेलेलं पाणी अंगातच राहायचं, फुप्फुसात चढायचं. म्हणून दिवसाला दोन पेले, आणि त्यात चहा, वरण, गोळ्यांबरोबरचा घोट सगळं आलं. बाहेर मे महिना. लूचं गरम वारं सुरू झालं की बाल्कनीचं दार हात लावता येणार नाही इतकं तापायचं. त्याचे ओठ पांढरे पडायचे, जीभ टाळूला चिकटायची, बोलताना चक् चक् आवाज यायचा. आम्ही त्याच्यासमोर पाणी पिईनासे झालो. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. आई मोरीपाशी भिंतीकडे तोंड करून प्यायची आणि पेला ओट्यावर ठेवताना त्याच्याखाली बोट धरायची, आवाज होऊ नये म्हणून. एकदा तो तिच्या मागे येऊन उभा राहिला.

“आई, माझ्यासमोर पी,” तो म्हणाला. “तू लपून पितेस तेव्हा मला दुप्पट लागते.”

आईनं पेला भरून घेतला आणि त्याच्यासमोर बसून प्यायली. तिला ठसका लागला. तोच तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

लिंबाच्या बर्फाचं डॉक्टरांना मीच विचारलं. संत्रं नको, मोसंबी नको, नारळपाणी तर बिल्कुल नको, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. या फळांनी रक्तातलं पोटॅशियम वाढतं. “थोडंसं लिंबू चालेल,” ते म्हणाले, “पण बर्फही पाण्यातच धरायचा.” धरला. पण पेलाभर पाणी एका दमात संपायचं आणि तेवढ्याच पाण्याचा बर्फ अर्धी दुपार पुरायचा. आंबटानं तोंडाला पाणी सुटायचं, आणि ते पाणी कुणी मोजत नव्हतं. छोट्या वाट्यांमध्ये मी तो भरून ठेवायचे. तो अगदी चमच्याच्या टोकावर घ्यायचा, डोळे मिटायचा आणि तो पूर्ण विरघळेपर्यंत उघडायचा नाही. मी समोर बसून राहायचे. माझ्या हातून आजवर बरंच काही रांधून झालं. मुलीच्या लग्नात घरच्या चाळीस माणसांचा स्वयंपाक मी केला. पण मी केलेलं कुणी इतक्या मन लावून खाल्लेलं मला दुसरं आठवत नाही.

वीज जायची ती नेमकी दुपारी. मशीनचा आवाज थांबला की मी फ्रीजकडे पळायचे, ताटली गोधडीत गुंडाळायचे. तरी कधी कधी सगळं वितळून परत सरबत व्हायचं. ते त्याला एवढं एकदम देता यायचं नाही. मग मी ते पुन्हा गोठवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून खरवडत बसायचे.

किडनी बदलणं हा उपाय होता. आईला डायबेटिस निघाला, बाबांना ब्लडप्रेशर. राहिले मी. मी आपणहून म्हटलं, आणि ते म्हणताना मला फार विचार करावा लागला असं काही नाही. रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्याही चांगल्या आल्या. त्या तपासण्यांना बाबा माझ्याबरोबर आले होते. परत येताना हॉस्पिटलसमोरचा रस्ता ओलांडताना त्यांनी माझा हात धरला. शाळेनंतर पहिल्यांदाच. पलीकडे पोचल्यावरही सोडला नाही, बसस्टॉपपर्यंत तसाच धरून आले.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातलं बोलणं मला बाहेर ऐकू आलं.

“मी तिला सांगितलेलं नाही. ती आपणहून म्हणाली,” आई म्हणत होती.

“ती वीस वर्षांची आहे, मालू. ती आपणहून काहीही म्हणेल.”

“मग काय करू? बघत बसू?”

बाबा म्हणाले, “मला विचारू नकोस. दुसरं काहीही विचार, हे मला विचारू नकोस.”

पुढच्या रविवारी दादा म्हणाला, आज बर्फ मी करणार. सगळी दुपार तो उजव्या हातानं खरवडत बसला. डाव्या हाताला जोर द्यायला मनाई होती, म्हणून ताटली मी धरली होती. त्यानं चार वाट्या भरल्या. तोवर आम्ही तिघं बर्फ खात नसू, तो त्याचा होता. पण त्या दिवशी त्यानं प्रत्येकासमोर वाटी ठेवली, आईच्या वाटीत चमचाही घालून दिला.

“चारूची किडनी मी घेणार नाही,” बसता बसता तो म्हणाला.

“आधी खा,” आई म्हणाली. “मग बोलू.”

“खातो आहे. बोलतोही आहे.” त्यानं खरंच एक चमचा तोंडात घातला, तो विरघळू दिला आणि मग सांगितलं. त्याच्या शेजारच्या मशीनवर मेरठचा एक माणूस यायचा. त्याला बहिणीनं किडनी दिली होती. ती वर्षभर चालली आणि मग शरीरानं नाकारली. “तो परत मशीनवर आला. ती बाहेर बाकावर बसलेली असते, डबा घेऊन. तो तिच्याशी बोलत नाही. बोलू शकत नाही, आई. मी दर वेळी बघतो. मशीनवर लोक वर्षानुवर्षं जगतात. मीही जगेन. पण चारूला त्या बाकावर बसवून मला तिच्याकडे बघता येणार नाही.”

“तुला कोण विचारतंय?” मी ओरडले. “माझी आहे. मी कुणालाही देईन.”

“दे की. मला नको.”

“हा अहंकार आहे तुझा!”

“असेल,” तो म्हणाला.

आई रडेल, हातापाया पडेल असं मला वाटलं होतं. ती नुसती त्याच्याकडे बघत होती. मग अगदी हळू, जणू काही तिला खरंच माहिती हवी होती अशा आवाजात तिनं विचारलं, “तिच्याकडे बघता येणार नाही म्हणतोस. आणि माझ्याकडे? माझ्याकडे बघता येतंय तुला?”

त्यानं मान खाली घातली. कूलर खडखडत होता. शेवटी बाबा म्हणाले, “खाऊन घ्या. वितळतंय.” आणि आम्ही चौघांनी, कुणीच कुणाकडे न बघता, वाट्या संपवल्या. तो दादानं केलेला सगळ्यात चांगला बर्फ होता. इतका मऊ मला कधी जमला नव्हता.

मी त्याच्याशी कितीतरी दिवस बोलले नाही. बर्फ करत होते, वाटी समोर आपटत होते. डॉक्टरांनाही भेटून आले. रोगी तयार नसेल तर काही करता येत नाही, असं ते म्हणाले. एक दिवस मी वाटी आपटली तेव्हा दादा म्हणाला, “चारे, साल जरा जास्त किसलीस आज. तुझ्यासारखाच कडू झालाय.” मला हसू आलं आणि मग रडू आलं, आणि त्यानंतर आम्ही त्या विषयावर कधी बोललो नाही. त्याला दिवस हवे होते, पण माझ्याकडून नको होते. या गोष्टीचा मला आज पन्नाशी गाठल्यावरही कधी अभिमान वाटतो आणि कधी इतका राग येतो की हातातलं काम ठेवून मी बाल्कनीत जाऊन उभी राहते. माझी दोन्ही मूत्रपिंडं ठणठणीत आहेत, असं डॉक्टर दर वर्षी कौतुकानं सांगतात. मी मान डोलावते.

आणखी एक उन्हाळा त्यानं काढला. कंपनीनं त्याला फिरतीवरून हटवून टेबलाचं काम दिलं होतं, मग तेही झेपेना. तरी जुन्या गिऱ्हाइकांचे फोन घरी यायचे. कॉटवर पडल्या पडल्या तो विचारायचा, “खिड़कियाँ कितनी हैं? पश्चिम की तरफ़ कोई है?” आणि मशीन केवढं घ्यायचं ते सांगायचा. सोसायटीतल्या बाल्कन्यांना एकामागून एक एअरकंडिशनर लागत होते. मोहरीच्या शेतात पाया खणायला सुरुवात झाली होती. बाबा आता घराला घर म्हणू लागले होते.

दादा गेला तो त्या हिवाळ्यात. आधी ताप आला, मग छातीत पाणी झालं, मग हृदयच थकलं. मशीनही लावता येईना, रक्तदाब एवढा खाली गेला होता. शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही तिघं वॉर्डबाहेरच्या बाकावर बसलो होतो. काचेतून ऊन येत होतं आणि आई त्या उन्हात पाय धरून बसली होती. एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली. तिनं आमच्याकडे एकदा पाहिलं आणि बाबांना म्हणाली, “अंकल, अब पानी पर कोई रोक नहीं है। जितना माँगें, दे दीजिए।”

बाबा ताडकन उठले. त्यांचा चेहरा मी त्या दोन वर्षांत तसा पाहिला नव्हता. “ऐकलंस?” ते आईला म्हणाले. “पाणी चालेल म्हणाल्या! रोक नाही म्हणाल्या!”

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. डॉक्टरीण तिथंच उभी होती, तिला काहीतरी आणखी सांगायचं होतं. आईनं मान हलवून तिला नको म्हटलं. मग ती बाबांना म्हणाली, “हो, ऐकलं. तुम्ही द्या त्याला. तुमच्या हातानं द्या.”

बाबांनी कॉरिडॉरमधल्या टाकीवर जाऊन पेला विसळला, पुन्हा विसळला आणि काठोकाठ भरला. चालताना सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून ते आत गेले, आणि आम्ही त्यांच्या मागोमाग.

“विनू, बघ काय आणलंय. पाणी! डॉक्टरांनी सांगितलंय, हवं तेवढं पी.”

दादानं डोळे उघडले. आधी पेल्याकडे पाहिलं, मग बाबांच्या मागे उभ्या असलेल्या आईकडे. तो इंजिनिअर होता, त्याला समजायला वेळ लागायचा नाही. ओठ थोडे हलले. तो हसला असं मी आजही म्हणते. बाबांनी त्याच्या मानेखाली हात घातला आणि पेला ओठाला लावला. तो प्यायला. त्याला तहान नव्हती हे मला दिसत होतं, घोट गळ्याखाली उतरायलाही त्याला जोर लावावा लागत होता. तरी थांबत, श्वास घेत, बाबांच्या चेहऱ्याकडे बघत त्यानं तो पेला संपत आणला.

“आणखी आणू?” बाबांनी विचारलं.

“बास, बाबा,” दादा म्हणाला. “आता उद्या.”